काचकी उतरायची ते दिवस

कार्तिक लागला की मला सुकसीचा वास येतो. घरात वाळलेला मासा नसतो, शेजारी नसतो, अख्ख्या आळीत कोणाकडे नसतो, तरी येतो. सून म्हणते, "आई, तुमाले भास होऊन राह्यला." होत असेल. आता सिंदेवाहीत राहतो, त्या घरामागं धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं आहेत, नव्या, लवकर पिकणाऱ्या बियाण्याच्या. धान पिवळं पडलं की मालक बांधीचं तोंड फोडतो आणि साचलेलं पाणी खालच्या नालीत सोडतो. रस्त्यावरून कितीही मोटारसायकली गेल्या तरी त्या पाण्याचा आवाज मला घरात ऐकू येतो. मी उठून बघायला जाते. पाणी वाहत असतं आणि त्यात काही नसतं. मग घरी येऊन दिवसभर सगळ्यांवर खेकसते. सुनेला वाटतं, गुडघे दुखत असतील.

यंदा ते खेकसणं कागदावर करायचं ठरवलं आहे. आधीच सांगते, यात माझी काही चूक नव्हती आणि मला कसला पश्चात्तापही नाही. म्हातारी माणसं लिहायला बसली की कुठलं तरी जुनं पाप कबूल करून मोकळी होतात. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे राग आहे, आणि तो अजून चांगला शाबूत आहे.

माझं सासर सावली गावापासून वैनगंगेच्या अंगाला. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता, गडचिरोली वेगळा व्हायला बराच अवकाश होता. आम्ही ढिवर, पिढीजात मासे धरणारे. गावाला मोठं तळं होतं. मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, आज्यानं बांधलं असं म्हणत. आज्यानं झाडाखाली बसून पाहिलं असेल, माती वाहणारे दुसरे होते. तळ्याच्या वरच्या अंगाला बांध्या होत्या, उतारानं पायऱ्यांसारख्या खाली येणाऱ्या. पावसाळ्यात तळं तुडुंब झालं की बारीक मासे पाण्याच्या उलट्या दिशेनं त्या बांध्यांत चढायचे, धानाच्या बुडाशी वाढायचे आणि कार्तिकात बांधी फोडली की पाण्याबरोबर पुन्हा तळ्याकडे उतरायचे. त्या उतरणीच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून आमच्या बायका बसत. पाय गार चिखलात, डोक्यावर ऊन, आणि पिकलेल्या धानाचा तो दुधाळ, किंचित आंबूस वास. हात पाण्यात राहून राहून बोटं पांढरी पडायची. मला ते फार आवडायचं. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि घरात बसून सासुरवास करण्यापेक्षा चिखल बरा.

उतरणाऱ्या माशांत सगळ्यात जास्त असायची काचकी. बोटाच्या दोन पेरांएवढी, चपटी. आणि आरपार. अंगात रक्त आहे की नाही असं वाटावं इतकी. तळहातावर घेतली तर तिच्यातून आपल्या हाताच्या रेषा दिसत. मधून एक काटा, पोटाशी चांदीचा ठिपका आणि डोळा, बाकी सगळं पाणी. मेली की मात्र लगेच पांढरी पडायची, शिजलेल्या भातासारखी. म्हणजे जिवंत असताना कोणाला दिसायची नाही आणि मेल्यावर लपायची नाही.

मोठा मासा पुरुषांचा. डोंगा आणि जाळं घेऊन ते मरळ धरत, वाम धरत, आणि त्यातला वाटा मालगुजाराच्या घरी जाई. बारीक मासा बायकांचा. त्यात मालगुजारानंही कधी हात घातला नाही, त्याला काटे आवडत नसतील. हे असं का, कोणी ठरवलं, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. जसं पोराला आईनं पाजावं हे कुठं लिहिलेलं नसतं.

माझी सासू माझी आत्याच होती. सासू झाली म्हणून मी तिला काही वेगळी हाक मारली नाही. तानाबाई तिचं नाव. नवरा लवकर गेला, आणि तिनं आपलं घर त्या काचकीवर उभं ठेवलं. कार्तिकात धरायची, वाळवायची, आणि धान मळणीला आलं की टोपली डोक्यावर घेऊन खळ्याखळ्यांवर फिरायची. शेतकरी सूपभर धान घालायचे, ही ओंजळभर सुकसी घालायची. रोख कोणी मागत नसे, कोणी देत नसे. वर्षाचा भात असा सुपासुपानं गोळा व्हायचा. आत्या बोलायला तिखट होती, पण खळ्यावर ती अशी काही गोड होई की मला हसू दाबावं लागे. "घे व माय, तुह्या लेकरासाठी घे. डोये कसे पानीदार होतेत पाह्य." लेकराचे डोळे पाणीदार होवोत न होवोत, सूप भरायचं.

तिचा एक नियम फार कडक होता. तिचाच कशाला, सगळ्याच ढिवर बायकांचा. पहिल्या दिवशी सापळ्यात आलेली पहिली ओंजळ घरी न्यायची नाही. ती जिवंत, पाण्यासकट, तळ्याच्या जांभळीखालच्या कोपऱ्यात नेऊन सोडायची. तिथं खोल डोह होता, भर उन्हाळ्यात तळ्याला भेगा पडल्या तरी तिथं पाणी असे. त्याला आम्ही बियाण्याचा डोह म्हणायचो. शेतकरी बियाण्याचं धान ढोलीत वेगळं ठेवतो, तसं. तिथं जाळं टाकायचं नाही, सापळा लावायचा नाही, आणि ढिवरांबाहेरच्या माणसाला तो दाखवायचा नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मालगुजाऱ्या गेल्या. आम्हाला वाटलं, चला, वाटा द्यायचा एक माणूस कमी झाला. मग कचेरीतून माणसं आली, कोणाच्या ताब्यात काय आहे ते लिहून घ्यायला. ज्यांनी पटवाऱ्याला घरी बोलावून, जेवू घालून, धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधावरून फिरवून आपलं शेत दाखवलं, त्यांचं शेत त्यांच्या नावावर चढलं. तळ्याच्या पाळीखाली एक मुरमाड उंचवटा होता, तिथं आमच्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मासे वाळवत. आत्याला वाटलं, हे तर साऱ्या गावाला माहीत आहे, दाखवायचं काय त्यात. दुसऱ्या एकानं दाखवलं. पुढच्या वर्षी तिथं काट्यांचं कुंपण झालं आणि आत्या सुकसी घराच्या छपरावर, कवेलूंवर वाळवू लागली, मांजरांना आणि कावळ्यांना शिव्या देत.

तेव्हापासून तिनं एक खूणगाठ मनाशी बांधली. मला कितीदा तरी म्हणायची, "आपलं हाये म्हून चालत नाई पोरी. पायाखाली घालून दाखवा लागते. नाई तं सरकारले दिसत नाई."

आणि अशात ते मासेवाले साहेब आले. नागपूरकडून, सरकारतर्फे माशांची पाहणी करायला. बैलगाडीत काचेच्या बरण्या, तणसात गुंडाळलेल्या. त्यांचं नाव मला चांगलं आठवतं, पण मी लिहिणार नाही. त्यांनी आमच्यापैकी कोणाचं लिहिलं नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात त्यांनी मुक्काम टाकला. बरण्यांत स्पिरिट होतं आणि गावातल्या पुरुषांना त्याचा वास लगेच लागला. संध्याकाळी वऱ्हांड्यासमोर ही गर्दी. "साहेब, मेलेल्या माशाले पाजून राह्यले, जित्या माणसाचं बी पाहा ना जरा," असं एकानं म्हटलं, तर साहेबांनी खरंच घाबरून बरण्या आत ठेवल्या. साधे होते बिचारे. कापडी बूट घालून चिखलात उतरले आणि एक बूट चिखलानं ठेवून घेतला.

हा माणूस चांगला होता, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर माझा राग केव्हाच विझला असता.

ते आत्याकडे आले, कारण बारीक माशांचं विचारलं की सगळं गाव आत्याकडे बोट दाखवायचं. ओसरीत बसले. आत्या म्हणाली, "लहान मासे कायले पाह्यजे साहेब? मरळ देतो ना चांगली."

"मोठे मासे सगळ्यांना माहीत आहेत, बाई," साहेब म्हणाले. "लहानांकडे कोणी बघत नाही."

बस्स. या एका वाक्यानं आत्या त्यांची झाली. आयुष्यात तिच्या बाजूनं इतकं कोणी बोललं नव्हतं.

बांध्या फुटायला लागल्या होत्या. साहेब रोज आमच्याबरोबर चिखलात. सापळ्यातून जे जे निघेल ते ते बघायचे, मोजपट्टीवर ठेवायचे, काही बरणीत टाकायचे, काही परत सोडायचे. काचकी पहिल्यांदा हातात आली तेव्हा त्यांनी ती पाण्याच्या काचेच्या भांड्यात घातली आणि भांडं उन्हात धरलं. किती तरी वेळ धरून राहिले. मग म्हणाले, "ही खाली, पार गोदावरीच्या अंगाला सापडलेली आहे. पण इथं वर, या जंगलातल्या तळ्यांत ती आहे हे कोणी पाहिलेलं नाही. या भागात ही पहिल्यांदाच."

"कोणी पाह्यली नाई?" आत्या म्हणाली. "मंग आमी काय इतके दिवस डोये मिटून खात होतो?"

साहेब हसले. "तुम्ही पाहिलीत, बाई. पण कोणी लिहून ठेवली नाही ना."

आत्या हसता हसता थांबली. मला आठवतं, तिनं हातातला सापळा खाली ठेवला. तिचा उंचवटा गेला होता तोही असाच. सगळ्यांनी पाहिला होता, लिहिला कोणी नव्हता. तळं आता सरकारचं झालं होतं, उद्या कोणाला देतील, त्याचा भरवसा नव्हता. आणि इथं सरकारचा माणूस स्वतःहून चिखलात उतरून तिची काचकी लिहून न्यायला तयार होता.

त्याच दिवशी दुपारी साहेबांनी एका काचकीचं पोट उघडलं. नखाएवढी कात्री, वर भिंग. मला हाक मारली, "ये, बघ." मी सातवी शिकलेली, सावलीच्या शाळेत माझा बाप चपराशी होता, म्हणून साहेब मला आवर्जून दाखवत. भिंगाखाली चमचमणारे बारीक तुकडे दिसले. "खवले," साहेब म्हणाले. "दुसऱ्या माशांचे. ही जाताजाता दुसऱ्यांच्या अंगावरचे खवले कुरतडते." ते इतके खूश होते की जणू पोटातून मोती निघाले.

"गरिबानं जाताजाता थोडकसं खाल्लं तं काय होते?" आत्या म्हणाली. "मरते थोडी कोणी तेच्यानं."

सगळे हसलो. साहेबही हसले, आणि त्यांनी लिहून घेतलं. आत्याचं वाक्य नाही. खवल्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून तयार. मला म्हणाली, "चाल. साहेबाले फिरवून आणू." मला आधी कळलंच नाही काय ते. मग कळलं. पटवाऱ्याला शेत दाखवतात तसं ती साहेबांना काचकीचं सगळं राज्य दाखवायला निघाली होती. कुठल्या बांधीत ती चढते, कुठल्या नालीतून उतरते, पाळीच्या कोणत्या दगडाशी तिचा थवा उन्हाला येतो. एक जागा राहून गेली तर ती जागा बुडाली, असा तिचा हिशेब. साहेबांची तर दिवाळी. कोणी इतकं पायाखाली घालून दाखवतं का?

जांभळीजवळ आल्यावर राधाबाई, आत्याची चुलत जाऊ, आडवी आली. घागर भरायला आली होती. "तानाबाई, थे जागा दाखवाची नाई. तुले मालूम हाये ना?"

"मालूम हाये," आत्या म्हणाली. "उंचवटा दाखवला नाई म्हून गेला. हे बी घालवू का?"

राधाबाई घागर उचलून वाटेतून बाजूला झाली. आजही कोणी मला विचारलं की आत्यानं काय करायला हवं होतं, तर मी सांगू शकणार नाही. दाखवलं नाही तर जातं. दाखवलं तर कुठं जातं ते पुढं कळतं.

साहेब जांभळीच्या मुळीवर पोटावर आडवे झाले आणि डोहात बघू लागले. सकाळची उन्हं तिरपी. काचकी तशी दिसत नाही, पण तळाच्या वाळूवर तिची सावली पडते. शेकडो बारीक सावल्या वाळूवर सरकत होत्या आणि वर पाणी रिकामं. मी ते पुन्हा कधी पाहिलं नाही, दुसरीकडे कुठंही नाही. साहेब वही काढून पडल्या पडल्याच लिहू लागले.

आत्यानं विचारलं, "लिहलं का, साहेब?"

"लिहिलं."

"हे जागा बी?"

"जागा तर लिहावीच लागते, बाई. त्याशिवाय नोंदीला अर्थ नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे सुख होतं ते तिच्या तोंडावर मी एरवी कधी पाहिलं नाही, पुढं मला मुलगा झाला तेव्हाही नाही. साहेब गेले तेव्हा तिनं त्यांना सुकसीची पुरचुंडी दिली. बरणीतल्या काचक्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्या आपल्याच, हे काही तिला पटेना. "माह्या काचकीचं भूत करून नेलं बाप्पा," म्हणाली. पण खुशीत होती. तो सगळा हिवाळा खळ्यावर तिचा आवाज चढलेला. शेतकऱ्यांना सांगायची, "सांभाळून खाय भाऊ. सरकारात नाव लागलेली मासोळी हाये हे."

सध्या मी बाजारातून मासा आणते तो बर्फातून येतो. आंध्राकडचा ट्रक सकाळी येतो, थर्माकोलचे डबे उतरतात, आणि त्यातून मांडीएवढे रोहू, कटला निघतात. मऊ, चिखलट चवीचे. विकणारा आमच्याच जातीचा असतो. त्याला तळं ठाऊक नाही, त्याला ट्रकची वेळ ठाऊक आहे. मी विचारते, "बारीक नाही का काही?" तो म्हणतो, "बारीक कोण खाते आजी?" खरं आहे. साहेब आले ते दिवसही मोठ्याचेच होते. देश नवा होता, भुकेला होता, त्याला सगळं मोठं पाहिजे होतं. भुकेले होतो आम्हीही, पण आम्हाला बारीक चालत होतं. आम्हाला कोणी विचारलं नाही, हा भाग वेगळा. विचारण्यासाठी आधी दिसावं लागतं.

साहेब गेले त्याच्या पुढच्या जेठात माणसं आली. तळ्याला भेगा पडल्या होत्या, मधे गढूळ डबकं आणि जांभळीखाली डोह. दोन बैलगाड्या भरून पोती. ते कोणत्या खात्याचे ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं विचारावंसं वाटलं नाही. पोत्यांत मोहाच्या बियांची ढेप होती. मोह आमचा. बिया आमच्याच बायकांनी वेचलेल्या, तेल गाळून उरलेली ही ढेप. तिनं मासा मरतो हे रानातल्या सगळ्यांना माहीत होतं. नाल्याच्या एखाद्या डबक्यात कोणी कधी टाकतही असेल. तळ्यात टाकावी असं वेड्यालाही सुचलं नव्हतं.

त्यांच्यातला वरचा माणूस तरुण होता, डोक्यावर टोपी, बोलायला नम्र. त्यानं गावाला समजावून सांगितलं. पावसाळ्यात तळ्यात रोहू-कटल्याची पिलं सोडायची आहेत. मोठा मासा होईल, सगळ्यांना मिळेल. पण त्याआधी निकामी मासा काढला पाहिजे. "तुमच्या तळ्यात एक बारीक मासा आहे, तो पिलांचे खवले कुरतडतो. तज्ज्ञांनी पाहणी करून ठेवली आहे." मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "आधी जांभळीखालचा कोपरा घ्या. बी तिथं आहे."

आत्या पुढं झाली. "थे जागा तुमाले कोणं सांगतली?"

"सांगायला कशाला पाहिजे, बाई? पाहणीत सगळं आहे."

"साहेबानं लिहून नेलं हाये इले," आत्या म्हणाली. अजून तिला वाटत होतं की या पोराला माहीत नसावं. "सरकारात नाव हाये तिचं. तुमी हात लावू शकत नाई."

तो तरुण जरा गोंधळला. तो काही दुष्ट नव्हता. त्याला तिच्या बोलण्यातला धागाच सापडेना. शेवटी म्हणाला, "लिहून नेलं म्हणूनच तर आम्हाला कळलं, बाई."

आत्या बाजूला झाली. तिला कोणी ढकललं नाही.

ढेप भिजवून डोहात ओतली. तपकिरी फेस आला. आधी काही झालं नाही, मग कडेनं पाणी पांढरं होऊ लागलं. इतकी वर्षं जी कोणाला दिसत नव्हती ती सगळी एकदम दिसू लागली. काठाकाठानं थर. गावातली माणसं टोपल्या घेऊन धावली, कारण ढेपेनं मेलेला मासा खाता येतो, आणि जेठात कोणाच्या घरी काय असतं? आम्हीही भरल्या. खोटं कशाला सांगू? त्या वर्षी कवेलूंवर जागा उरली नाही इतकी सुकसी झाली. आत्यानं सवयीनं पहिली ओंजळ उचलली आणि डोहाकडे वळली. मग ओंजळीत जिवंत काही नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती ओंजळ घेऊन तशीच उभी राहिली, पाणी बोटांतून गळून जाईपर्यंत. मी तिला हात लावला नाही. लावावासा वाटला होता.

पुढचा कार्तिक आला. धान तसंच पिवळं, पाणी तसंच वाहिलं. आम्ही सापळे लावून बसलो. खेकडे आले, थोडे झिंगे आले. काचकी उतरली नाही, कारण चढलीच नव्हती. त्याच्या पुढच्या कार्तिकातही नाही. तळ्यात रोहू झाले, चांगले मोठे झाले, आणि तळं बाहेरच्या एका ठेकेदाराला गेलं. पाळीवर राखणदार बसला. आमचे पुरुष त्याच्याकडे मजुरीनं जाळी ओढू लागले. राधाबाईचं सगळं घर तिच्या माहेरच्या गावी निघून गेलं. आत्या एक वर्ष रिकामी टोपली घेऊन खळ्यावर गेली. जुन्या ओळखीनं कोणी कोणी सूपभर धान घातलं. त्याच्या बदल्यात द्यायला हातात काही नव्हतं. घरी आल्यावर तिनं ते धान कोंबड्यांपुढं टाकलं आणि पुन्हा खळ्यावर गेली नाही. बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्यासाठी आमच्या रानात बांबू तोडायचं काम निघालं होतं, तिथं मोळ्या बांधायला जाऊ लागली. चिडणं सोडून दिलं तिनं. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

आणि अशात साहेब पुन्हा आले. यावेळी जीपमधून. केस थोडे पिकलेले. काचकी जिवंत पाहिजे होती त्यांना, त्यांच्या शोधाचं पुढचं काम होतं. ते सरळ जांभळीकडे गेले, पोटावर आडवे झाले, आणि उठले तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता. मग बांध्या, नाल्या, पाळीचे दगड, सगळं एकटेच फिरून आमच्या ओसरीत येऊन बसले. आत्या कामावरून नुकतीच आली होती, हातांवर बांबूची कुसळं. मी काय झालं ते सांगितलं. जसं झालं तसं, पदरचं काही न घालता.

साहेबांनी हातातली वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी कोणाला मारा म्हणालो नव्हतो हो. मी फक्त जे दिसलं ते लिहिलं."

"मालूम हाये," आत्या म्हणाली. "मंग आता बी दिसलं थे लिहा. नाई म्हून लिहा."

साहेबांनी मान हलवली. "तसं लिहिता येत नाही, बाई. असलं तर एकदा दिसलं तरी लिहिता येतं. नाही म्हणून लिहायला पुन्हा पुन्हा यावं लागतं, सगळ्या ऋतूंत, वर्षानुवर्षं शोधावं लागतं. त्याशिवाय कोणी मानणार नाही."

"मंग तवरक?"

"तोवर ती इथं आहे असंच धरतात."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. धुऱ्यावरून पटवारी निघून गेला की माणूस बघतो तसं नुसतं पाहिलं. म्हणाली, "मंग मी बी अजून तळ्यावरच हावो म्हना. हे बांबूचं काम दुसरंच कोणी करून राह्यलं."

साहेबांनी पुन्हा येतो म्हणून सांगितलं. ते आले नाहीत, दुसरंही कोणी आलं नाही. आत्या गेली. तळ्यात आता जलपर्णी माजली आहे, रोहूही नीट होत नाही म्हणतात. आणि आमच्या तळ्यात, जांभळीखालच्या कोपऱ्यात, काचकी अजून आहे, कारण ती नाही असं अजून कोणी लिहिलेलं नाही.